सरकायला ठेवलेली जागा

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, तुमच्या एखाद्या गाजलेल्या इमारतीवर लिहा." गाजलेल्या इमारतींबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. मुंबईच्या एका मोठ्या कचेरीत सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या टॉवरांची गणितं केली. त्या टॉवरांवर माझं नाव कुठे नाही आणि त्यांच्याखालून जाताना मी मान वर करून बघतही नाही. मला आठवते ती तलासरीच्या पुढची एक दुमजली इमारत, मुलींचं वसतिगृह, पत्र्याच्या छपराची. आणि इमारतीपेक्षा जास्त आठवतो तो देवजी. रानशेतचा देवजी वेल्डर. त्याच्यासोबत केलेल्या कामाची मला अजून इतकी ओढ आहे की कधीकधी कुठे लोखंड कापल्याचा वास आला तरी मी उगाच थांबते.

मी मूळची डहाणूचीच. चिकूच्या वाडीतली. नोकरी सोडून परत आले ते २०१४ साली, आणि डहाणू रोड स्टेशनजवळ एका औषधाच्या दुकानावर खोली घेऊन 'स्ट्रक्चरल इंजिनिअर' अशी पाटी लावली. पहिले सहा महिने लोक वर येऊन विचारायचे, "डॉक्टर कधी बसतात?" पुढे वाडीवाले येऊ लागले. त्यांना बंगला हवा असे, खाली गाडी लावायला मोकळी जागा हवी असे आणि मध्ये एकही खांब नको असे. मी भूकंपाचं नाव काढलं की ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. एक काका म्हणाले होते, "पोरी, आमच्या सात पिढ्या इथे नांदल्या. इथली जमीन आपल्यासारखीच आहे, जागची हलत नाही." मी त्यांना सरकारी नकाशा दाखवला. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

वसतिगृहाचं काम त्याच वर्षी आलं. एका शिक्षणसंस्थेला साठ-सत्तर मुलींची सोय करायची होती. वर झोपायच्या खोल्या, खाली जेवण आणि प्रार्थना होईल असा सलग मोकळा हॉल. जागेवरची विहीर मार्चमध्ये तळ गाठायची, त्यामुळे आठवडेच्या आठवडे पाणी पाजावं लागणारं काँक्रीटचं काम जमण्यासारखं नव्हतं. म्हणून पोलादी सांगाडा ठरला. पण भिंती सगळ्या वर आणि खाली नुसते पाय, अशी इमारत भूकंपात खालच्याच मजल्याला दुमडते. मी ठरवलं, खालच्या मजल्याला डँपर लावायचे.

डँपर म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगते. जमीन हलली की इमारतीच्या अंगात जोर येतो. तो जोर कुठेतरी जिरावा लागतो. तुम्ही काही सोय केली नसेल तर तो स्वतःच जागा शोधतो, म्हणजे खांब वाकतो, जोड फाटतो. थंडीत आपण हात हातावर चोळले की तळवे गरम होतात, तेवढी ताकद तिथे उष्णता होऊन संपते. आमचा डँपर हेच करतो. खांबांमध्ये तिरपे दांडे, आणि ते वर तुळईला मिळतात तिथे एकमेकींवर दाबून बसवलेल्या दोन-तीन जाड प्लेटा. बोल्टची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवायची. रोजच्या वाऱ्या-वादळाला प्लेटा घट्ट धरून राहतात. मोठा धक्का आला तरच त्या या लांबट भोकांत पुढेमागे सरकतात, घासतात, आणि जोर खाऊन टाकतात. इमारत डुलते, पण तुटत नाही. सगळी करामत त्या सरकायला ठेवलेल्या जागेत आहे.

मुंबईत हे मी परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून निवडायची. इथे ते शक्य नव्हतं. मग मी गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडला गेले. तिथे नाक्यावर ट्रकांची रांग असायची, आणि जिथे ट्रक तिथे ब्रेक लाइनर. प्लेटांच्या मध्ये घासायला याहून चांगला माल कुठला? जगुभाईंचं ट्रकच्या बॉडी बांधायचं गॅरेज हायवेला लागूनच होतं. त्यांनी माझं रेखाचित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "बेन, बिल्डिंगला ब्रेक लावायची? ती कुठे पळून चालली?" मग आतल्या बाजूला हाक मारली, "देवजी, ए देवजी, आ जो जरा, तुझ्या मापाचं काम आलंय."

देवजी पस्तिशीचा असेल. बारीक, काळसर, बोलणं तुटक. वेल्डिंग मात्र असं की मी सव्वीस वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. एकसारखी, बारीक खवल्यांची ओळ, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते सापडू नये. ट्रकच्या बॉडीवर तो वर्षाचे बारा महिने हेच करायचा. त्याचा धर्म एकच होता. "मॅडम, ट्रकात जे हलतं ते रस्त्यात पडतं," तो म्हणायचा. "आपलं काम हलता नये."

आणि मी त्याच्याकडे हलणारं काम घेऊन गेले होते.

२०१५चं जवळजवळ अख्खं वर्ष आम्ही त्या चार डँपरांत घालवलं. मी आठवड्यातून दोनदा अच्छाडला जायची. लाइनर कोणते, प्लेट किती घासून गुळगुळीत करायची, बोल्ट किती आवळायचे, यावर आमचे वाद व्हायचे. मी बाईमाणूस, आवाज चढवणारी. तो मान खाली घालून ऐकणारा आणि शेवटी त्याला हवं तेच करणारा. बऱ्याचदा त्याचंच बरोबर निघायचं. लाइनर चिकटवू नका, रिबिट मारा, हे त्याचंच म्हणणं. पहिला नमुना आम्ही मुंबईच्या एका कॉलेजातल्या यंत्रावर नेऊन तपासला. यंत्राने ढकलायला सुरुवात केली, काटा चढत गेला, चढत गेला, आणि मग प्लेट सरकली. अगदी माझ्या गणिताप्रमाणे. मला रडू येईल असं झालं. देवजी शेजारी उभा होता, त्याचा चेहरा एखादी वस्तू हातातून निसटल्यासारखा झाला होता. मला वाटलं, त्याला समजलं. मी नीट विचारलंच नाही.

प्रत्येक डँपरवर आम्ही प्लेटांवरून आडवी एक पिवळी रेघ मारली होती. ही आमच्या धंद्यातली साधी युक्ती. रेघ सरळ असेल तर काही सरकलं नाही. रेघ तुटून दोन तुकडे वरखाली दिसले तर समजायचं, इमारतीला जोराचा धक्का बसला आणि डँपरने आपलं काम केलं.

२०१६च्या उन्हाळ्यात सांगाडा उभा राहिला. मी सगळे बोल्ट टॉर्क पान्याने आवळून घेतले. हा पाना ठरलेला जोर लागला की 'कट्' असा आवाज करतो, मग पुढे ओढायचं नाही. मुलींनी त्या भोकांत बोटं घालू नयेत म्हणून डँपरवर पत्र्याची कव्हरं बसवायची होती. ते काम देवजीवर सोपवून मी पंधरा दिवस मुंबईला गेले.

परत आले ती उद्घाटनाच्या दिवशी. शेवटची तपासणी करून सही द्यायची होती. मांडव पडला होता, पाहुणे यायच्या बेतात होते. एकेका कव्हरला सोळा स्क्रू होते आणि माझ्या अंगावर नवी इरकल साडी होती. देवजी कव्हराखाली उभा होता, त्याच्याजवळ त्याची मुलगी सुनिता. त्याच वर्षी पाचवीत तिचं नाव इथे घातलं होतं. मी विचारलं, "सगळं ठीक?" तो म्हणाला, "एकदम पॅक, मॅडम." मी सही केली. कव्हर उघडलं नाही.

त्यानंतरची दोन वर्षं मी त्या इमारतीवर खूश होते. एक गोष्ट कबूल करते. मनातून मला वाटायचं की एकदा तरी ते डँपर सरकावेत. वाटलं की लगेच स्वतःची लाज वाटायची, कारण ते सरकायचे म्हणजे गावोगावची घरं पडायची. आमच्या धंद्यातलं सर्वांत चांगलं काम असं, की ते कधी कामाला येऊ नये. अशा कामावर जीव लावून बसणं कठीण असतं.

२०१८ची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. धक्के लहान, पण थांबेनात. आधी जमिनीतून सुरुंगासारखा आवाज, मग भांडी वाजायची. डहाणू-तलासरीतली माणसं घर सोडून अंगणात, शेतात झोपू लागली. माझ्या जिन्यावर रांग लागली. मला डॉक्टर समजणारे सगळे आता माझी पाटी नीट वाचून येत होते. नकाशावर कप ठेवणारे काका आले, कप न ठेवता बसले. स्टेशनजवळच्या एका लॉजवाल्याने सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे एकच डँपर लावा, पण दर्शनी बाजूला, गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे." मी त्याला म्हटलं, त्यापेक्षा गणपती लावा. तो खरंच विचारात पडला.

वसतिगृहाच्या मुली मैदानात ताडपत्रीखाली झोपत होत्या. जानेवारीची थंडी होती, निम्म्या जणी खोकत होत्या. वॉर्डन कुसुमताई बोलायला रोखठोक. त्यांनी फोन केला, "मॅडम, पालक पोरी घरी न्यायला आलेत. घरं तर याहून कच्ची. तुम्ही या आणि लिहून द्या, वर झोपवू की नको. तुमच्या शब्दावर आहे सगळं."

मी ऐटीत गेले. शिडी लावली. मैदानातून सगळ्या मुली बघत होत्या, त्यांत आठवीतली… नाही, तेव्हा सातवीतली सुनिता पुढे उभी. मी सोळा स्क्रू काढले, कव्हर खाली दिलं. पिवळी रेघ मला दिसलीच नाही. तिच्यावरून, प्लेटांच्या कडेने, लांबट भोकाच्या तोंडावरून वेल्डिंगची एक देखणी ओळ गेली होती. बारीक, एकसारख्या खवल्यांची. कुणाची ते ओळखायला सही लागत नव्हती.

चारही डँपर असेच. सरकायला ठेवलेली जागा बुजवलेली. लहान धक्क्यांत त्याने काही बिघडलं नव्हतं. मोठा आला असता तर तिरपे दांडे ताठ राहून अचानक तुटले असते, आणि वर मुली असत्या.

देवजी दुपारी अच्छाडहून मोटारसायकलवर आला. मी त्याला शिडीखाली उभं केलं आणि कुसुमताईंसमोर, मुलींसमोर, त्याच्या सुनितासमोर बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. शेवटचं वाक्य लिहिते, कारण ते मला दररोज ऐकू येतं. "ट्रकवाल्याला इमारतीवर आणलं, हीच माझी चूक."

तो सुनिताकडे न बघता हळू बोलला. "मॅडम, वरचे पत्रे चढवत होतो तवा क्रेनचा धक्का लागला. ही प्लेट दोन बोटं सरकली. रेघ तुटली. मी डोळ्यांनी बघितली. मी ती जॅक लावून परत सरळ केली. तुम्ही बोल्ट आवळून गेल्या, पण माझ्या डोक्यातून जाय ना. वर पोरी झोपणार, माझी पण. मला वाटलं, तुमचं कायतरी चुकलं. तुमचं नाव खराब व्हायला नको म्हणून कुणाला बोललो नाय. एकेक टाका नीट घातला."

क्रेनच्या वेळी बोल्ट हातानेच फिरवलेले होते, त्यामुळे प्लेट सरकली. सरकणारच होती. हे त्याला मी सांगितलं नव्हतं. वर्षभर मी त्याला प्लेट कशी घासायची ते शिकवलं. सरकली नाही तर काय होईल, ते शिकवलं नाही. माझी चूक समजून त्याने ती झाकली. आणि माझी खरी चूक, कव्हर न उघडता केलेली सही, ती तेव्हा माझ्या तोंडापर्यंत आली आणि मी ती गिळली. संस्थेला दिलेल्या अहवालात मी लिहिलं, 'वेल्डरने परस्पर केलेल्या बदलामुळे'. अक्षर न् अक्षर खरं होतं. पण अर्धंच.

आठ दिवस देवजी एकटा ग्राइंडर घेऊन आपलंच काम कापत होता. चांगला वेल्ड निघता निघत नाही. उष्णतेने लाइनर जळून गेले होते, ते त्याने नवे आणले, रिबिट मारले. कापलेल्या तुकड्यांतला एक मी उचलून पिशवीत टाकला, तो आजही माझ्या टेबलावर आहे. आठ दिवसांत तो माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलला नाही. शेवटच्या दिवशी त्याने चारही ठिकाणी पिवळी रेघ नव्याने मारली, ब्रश पुसला आणि चहा न घेता निघून गेला.

कुसुमताई म्हणाल्या, "आधी तुम्ही वर बसा." मी बसले. दुपारी चहा घेताना एक धक्का आला, कपाटातली ताटं वाजली. खाली जाऊन पाहिलं, रेघ सरळ. त्या आठवड्यात मुली वर झोपायला आल्या. पत्र्याच्या कव्हरांऐवजी मी जाळी बसवली, म्हणजे रेघ कुणालाही, कधीही दिसावी. ही अक्कल मला तीन वर्षं आधी यायला हवी होती.

देवजीने जगुभाईंचं काम सोडलं. जगुभाई म्हणाले, "बेन, वापीच्या पुढे कुठे गेला, मला नाय माहीत. असा कारीगर परत मळवानो नथी, मिळायचा नाय." माझा फोन तो उचलत नव्हता. मी एकदा रानशेतला त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने खाट टाकली, पाणी दिलं, कोयत्याने नारळ सोलून दिला. "तो शनवारी येतो, कधी येत नाय," म्हणाली. मला तिच्याकडे निरोप ठेवता आला असता. नारळपाणी पिऊन मी परत आले. गाडीत बसल्यावर मला अच्छाडच्या त्या गॅरेजची, आमच्या भांडणांची, मान खाली घालून ऐकणाऱ्या त्या माणसाची इतकी आठवण आली की मी गाडी बाजूला लावली.

ते अहवालात नाही, म्हणून इथे लिहिते. तपासणी माझी होती. सही माझी होती. कव्हर मी उघडलं नाही.

नवे लाइनर काही महिन्यांनी थोडे बसतात, बोल्ट पुन्हा तपासावे लागतात. २०१९चा पावसाळा संपल्यावर मी त्यासाठी गेले. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर सुनिता बाकावर उभी राहून जाळीतून वर बघत होती आणि कुसुमताईंचा फोन तिच्या कानाला होता. "सरळ आहे बा," ती म्हणाली. "चारी सरळ. हो, नीट बघितलं."

कुसुमताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "प्रत्येक धक्क्याला फोन येतो त्याचा. इकडची बातमी त्याला आमच्याआधी कळते. पोरीला आधी रेघ बघायला लावतो, मग जेवलीस का विचारतो."

सुनिताने मला पाहिलं आणि घाबरून फोनमध्ये सांगितलं, "बा, मॅडम आल्या." मग काही क्षण तिने ऐकलं आणि फोन माझ्यापुढे केला.

मी नऊ महिने मनात जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "देवजी, त्या दिवशी कव्हर मी उघडायला पाहिजे होतं. चूक माझी होती. तुझ्या पोरीसमोर बोलले, तेही चुकलं."

पलीकडे कुठल्या तरी कारखान्याचा आवाज येत होता.

"बोल्ट चेक करायला आल्या ना?" तो म्हणाला. "लाइनर बसलं असंल आता."

"हो. त्यासाठीच आले."

"पाना कोणता? टॉर्कवाला का?"

"तोच."

"फोन सुनीकडे द्या. स्पीकर चालू करा. मी ऐकतो."

सुनिताने एका हाताने शिडी धरली, दुसऱ्या हाताने फोन वर केला. मी जाळी काढली, पाना लावून ओढला. कट्. खालून आवाज आला, "पुढचा." एका डँपरला चार, असे सोळा बोल्ट. दोन-तीन ठिकाणी पाना थोडा फिरला आणि मग वाजला, बाकी जागच्या जागी. मधे एकदा मी धाप लागून थांबले तर तो म्हणाला, "सावकाश, मॅडम," आणि वाट बघत राहिला. साठीच्या बाईला हे काम कुणी सांगू नये, पण त्या दिवशी मला ते संपूच नये असं वाटत होतं.

सोळावा वाजला. सवयीने, खात्रीसाठी, मी पाना पुन्हा एकदा लावला. लोखंडाला लोखंड लागल्याचा तेवढा बारीक आवाज त्याला तिकडे कसा ऐकू गेला कोण जाणे.

"बस, मॅडम," देवजी म्हणाला. "जास्त आवळू नका. सरकलं पाहिजे."